बाळंतिणीची गोष्ट लिहायची तर: सव्वा महिन्याच्या टिपणापासून शेवटच्या खर्ड्यापर्यंत

दिवाळी अंकाकडं येणाऱ्या कथा वाचायचं काम काही वर्षं माझ्याकडं आहे. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चंदगडची कड, या पट्ट्यातून दरवर्षी नव्या आईवरच्या पाचसहा कथा तरी येतात. लिहिणाऱ्या बहुतेक बायकाच, आणि बहुतेक जणी स्वतः त्यातून गेलेल्या. तरीही कथा फसते, आणि दरवेळी एकाच जागी फसते. तीन पानं घुसमट, चौथ्या पानावर बाळ बोट धरतं, आईला पान्हा फुटतो, गोष्ट संपली. नाहीतर मग विहीर. नाहीतर डॉक्टरीणबाई येतात आणि दीड पान समजावून सांगतात. जे बोलता येत नाही त्याची गोष्ट लिहायला बसायचं आणि शेवटी ते सगळं बोलून टाकायचं, असा हा प्रकार.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानंच करा. पहिल्या तीन पायऱ्यांत कथेची एकही ओळ लिहायची नाही. ज्यांना हे जमत नाही त्या पाचवीवर अडकतात आणि परत पहिलीवर येतात, असा माझा अनुभव आहे.

## १. आधी दिवस मांडा

वहीत एक आडवी रेघ ओढा. एका टोकाला शून्य लिहा, दुसऱ्या टोकाला बेचाळीस. हे तुमच्या बाईचे दिवस. वर तिच्या शरीरात काय चाललंय ते लिहायचं, खाली घरात काय चाललंय ते. दोन्ही रांगा एकाखाली एक आल्या की निम्मी कथा आपोआप दिसायला लागते.

पहिले दोन दिवस चीक येतो, दूध उतरलेलं नसतं. 'हिला दूधच नाही' हे वाक्य घरात पहिल्यांदा उच्चारलं जातं ते इथं. बाळ ओढायला लागलं की पोटात कळ येते, कारण गर्भाशय आवळत असतं. पहिलटकरणीला हे कुणी सांगितलेलं नसतं. तिला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलंय. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दूध उतरतं, छाती दगडासारखी होते, अंग तापल्यासारखं वाटतं. आणि याच दिवसांत विनाकारण रडू येतं.

आता खालची रांग बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती दवाखान्यातून घरी आलेली आहे. पाचव्या दिवशी पाचवी. सटवाईची पूजा, पाटा-वरवंटा, रात्रभर दिवा, बायकांची गर्दी. शरीराच्या सगळ्यात वाईट दिवशी घरात सगळ्यात जास्त माणसं. बाराव्या दिवशी बारसं. नवी साडी, घट्ट ब्लाऊज, दोन तास पाटावर बसायचं. पाळण्यात बाळ रडलं की इकडं ब्लाऊज ओला होतो आणि तिला पदर ओढून हसत राहायचं असतं. हे कुणाच्याही कथेत मी अजून वाचलेलं नाही. बारशाची गाणी मात्र दहा कथांत वाचली.

बाराव्या दिवसानंतर पाहुणे जातात. नेमकं याच सुमाराला एक गोष्ट ठरते, आणि ती लेखकाला माहीत असायलाच हवी. बाळंतपणानंतरचं साधं रडू, म्हणजे मन हळवं होणं, चिडचिड, उगाच डोळे भरणं, हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं. दोन-तीन दिवसांत सुरू होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही जे राहतं, वाढतं, झोप मिळण्याजोगी असतानाही झोप येऊ देत नाही, ते नैराश्य. भारतातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं, म्हणजे पाचात एक. तिसरा प्रकार, म्हणजे बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार, अगदी वेगळा. हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला होणारा, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच अचानक उसळणारा. भास, भ्रम, रात्र-रात्र जागरण, मधेच अतिउत्साह. तिथं तातडीनं दवाखाना लागतो.

आमच्याकडच्या कथांत हे तिन्ही एकाच बाईला एकाच आठवड्यात होतात. सोमवारी रडते, बुधवारी भिंतीशी बोलते, शुक्रवारी बरी. तुमच्या बाईला यातलं काय झालंय हे रेघेवर लिहून ठेवा. कथेत ते नाव येणार नाही, पण तुम्हाला माहीत पाहिजे.

सहा आठवड्यांच्या आसपास आणखी दोन गोष्टी एकत्र येतात. बाळाचं रडणं याच सुमारास सगळ्यात जास्त असतं, आणि आईकडं बघून पहिलं खरं हसू यायलाही हाच काळ लागतो. त्याआधी बाळ हसतं ते झोपेत.

हे मी ठेच खाऊन शिकले. माझ्या पहिल्या कथेत आठव्या दिवशी बाळ आईकडं बघून हसलं होतं आणि त्या हसण्यानं आई सावरली होती. एका गावच्या साहित्य संमेलनात ती वाचली. वाचून झाल्यावर पुढच्या रांगेतली एक आजी बसल्या जागेवरून म्हणाली, "आठव्या दिवशी पोर हासतंय ते सटवी हासवत्या. आईकडं बघून न्हवं." मंडपातल्या सगळ्या बायका हसल्या. मी कथा परत घरी नेली.

तपासा: रेघेवर किमान दोन जागा अशा सापडल्या का, जिथं वरची रांग आणि खालची रांग एकमेकींवर आदळतात? नसतील तर दिवस पुन्हा मांडा.

## २. घर ठरवा, आणि एकच ठरवा

बेळगाव भागातली आई म्हणजे काय, तर एक गल्ली, एक ऋतू आणि एक धंदा. हे तीन ठरल्याशिवाय पुढं जाऊ नका. चार नमुने देते.

वडगाव किंवा शहापुरातलं विणकराचं घर. पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागच्या खोलीत बाज. दिवसभर खटखट. या घरातलं तान्हं आवाजात झोपतं आणि करंट गेला, माग थांबले की शांततेनं दचकून उठतं. पुण्याच्या फ्लॅटवर लिहिणाऱ्याला हे सुचणार नाही. तुम्हाला सुचलं पाहिजे.

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचं घर, महिना जुलै. लंगोट वाळत नाहीत. दोरीवर, चुलीच्या वर, शेगडीवर उलट्या घातलेल्या टोपलीवर सगळीकडं ओले लंगोट, आणि त्यांचा धुरकट वास. ऊन पडत नाही, दार उघडत नाहीत, कानाला कापूस आणि डोक्याला स्कार्फ. या घरात 'मला बाहेर जायचंय' असं म्हणायची सोयच नाही. बाहेर आहे काय, तर पाऊस.

निपाणीचं विडी वळणारं घर. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबावर, म्हणून सव्वा महिना पुरा व्हायच्या आत सूप मांडीवर येतं. बोटांना तंबाखूचा वास, त्याच बोटांनी बाळाला घ्यायचं की नाही, हात किती वेळा धुवायचे, धुण्यात किती विड्या बुडतात. पैशाचं आणि अपराधाचं गणित एकाच सुपात.

चौथं घर लष्करातल्या नवऱ्याचं. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यानं अशी घरं गावोगाव आहेत. नवरा फोनवर. फोन बाळापुढं धरायचा, तो 'हसलं का' विचारतो, नेटवर्क जातं. गोव्यात कामाला असलेला आणि शनिवारी चोर्ला घाटातून येणारा नवराही असाच. पण तो येतो. दोन दिवस पाहुण्यासारखा राहतो आणि बाळाला घाबरतो.

माहेर कुठं हेही आत्ताच ठरवा. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर शिनोळीच्या पलीकडं चंदगड तालुक्यात असेल तर कागद महाराष्ट्राचे, सासर कर्नाटकात. अंतर तासाभराचं, पण लसीची नोंद इकडून तिकडं करायला लागते. बस बंद पडली की आई येऊ शकत नाही. इतकंच.

सावध: बाळंतीण म्हणजे सीमाभाग, बाळ म्हणजे आपली मराठी, दोन राज्यांच्या मधे रडणारं पोर, ही उपमा सुचली की पेन खाली ठेवा, चहा करा. दरवर्षी निदान एक कथा या उपमेखाली चिरडते. प्रश्न आपल्याला जिव्हाळ्याचा आहे हे मान्य. पण त्या बाईनं काय केलंय, म्हणून सगळा प्रश्न तिच्या बाजेवर आणून ठेवायचा? बस बंद असेल तर बस बंद ठेवा. मोर्चाचं भाषण नको.

## ३. घरातली माणसं: प्रत्येकाला काहीतरी चांगलंच हवंय

बाळंतिणीभोवती कोण कोण आहे त्यांची यादी करा. प्रत्येकापुढं एकच गोष्ट लिहा: या माणसाला काय हवंय. अट अशी की ती गोष्ट चांगली असली पाहिजे.

आईला हवंय लेकीचं अंग भरून यावं, म्हातारपणी कंबर धरू नये. म्हणून ती पंखा लावू देत नाही, पाणी मोजून देते, डिंकाचा लाडू समोर बसून खायला लावते. मालीशवालीला हवंय बाळाचं डोकं गोल व्हावं. सासूला हवंय नातू आपल्या घरी लवकर यावा. आशाताईला हवंय वजन आणि लस वेळेत. नवऱ्याला हवंय सगळं पूर्वीसारखं. सगळ्यांचं चांगलंच. आणि त्या चांगलेपणाच्या मधोमध बाईला दोन तास सलग झोप हवी आहे, जी कुणाच्याच यादीत नाही. नुकतं जन्मलेलं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. हिशोब करून बघा.

सासू दुष्ट दाखवणं ही सोपी पळवाट आहे. आणि गंमत बघा, पहिल्या बाळंतपणात सव्वा महिना बाई असते आईजवळ. म्हणजे खरी ओढाताण आईशीच असते. आईचा राग येणं, आणि तोही ती रात्री चारला उठून धुरी देत असताना येणं, हे लिहायला अवघड. म्हणूनच लिहायचं.

सरकारी योजनाही घरातल्या माणसासारखीच वापरता येते. कर्नाटकात २ ऑक्टोबर २०१७ ला 'मातृपूर्ण' सुरू झाली: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण. सुरू झाली तेव्हा तिथं जाऊन जेवायचं होतं. आता सव्वा महिना उंबरा न ओलांडणारी बाळंतीण तिथं जाणार कशी? घरात यावरून काय बोलणं होईल, ते लिहून बघा. 'दोनशे पावलं तर आहेत' असं कोण म्हणेल आणि 'वारं लागेल' असं कोण?

तपासा: यादीतल्या एकाही माणसापुढं 'तिला छळणं' असं लिहिलेलं नाही ना?

## ४. जे वाक्य ती बोलू शकत नाही, ते वेगळ्या कागदावर लिहा

आता एक सुटा कागद घ्या. त्यावर एकच वाक्य, तिच्या तोंडचं, तिच्या बोलीत. जे ती आईला, नवऱ्याला, देवाला कुणालाच सांगणार नाही. 'मला भीती वाटते' चालणार नाही, ते सगळेच बोलतात. नमुने:

हे माझं आहे असं वाटंना गेलंय.

ते झोपलं की मला बरं वाटतंय, आणि उठेल म्हणून मला झोप येईना.

सगळी त्यालाच बघायला येतात. मला किती टाके पडलेत ते कुणी विचारलं न्हाई.

आईनं मला हात लावू नये.

मुलगी झाली म्हणून ही सगळी गप्प आहेत. मी पण त्यांच्यातलीच आहे.

शेवटचं पुन्हा वाचा. मुलगी झाल्यावर घर नाराज आणि आई मात्र ठाम, असंच आपण दरवेळी लिहितो. आईच्या मनातही तोच डाग असू शकतो, आणि तो तिला नवऱ्याच्या नाराजीपेक्षा जास्त खातो.

एक वाक्य असं आहे ज्याला लेखक फार घाबरतात किंवा फार भुलतात: 'हातातून सुटलं तर?' आडाच्या कठड्याजवळून जाताना, जिन्यावर, विळीशेजारी बसलेली असताना नव्या आईच्या डोक्यात असे नकोसे विचार अचानक येतात. हे खूप बायकांना होतं. विचार येतो आणि तीच त्याला दचकते. मग आडाकडं जात नाही, विळी उचलून फडताळात ठेवते. या विचाराचा अर्थ ती तसं करणार असा होत नाही. ज्या बाईला आपल्या विचाराची धास्ती वाटते तिची गोष्ट वेगळी, आणि ज्या बाईला आवाज ऐकू येतात आणि ते खरे वाटतात तिची वेगळी. विचार दाखवला आणि दोन पानांनंतर विहीर दाखवली की तुम्ही वाचणाऱ्या हजार आयांना सांगता, तुम्हीही त्याच वाटेवर आहात. हे खोटं आहे आणि क्रूरही.

वाक्य लिहून झालं? कागदाची घडी घालून वहीच्या मागच्या खिशात ठेवा. ते वाक्य कथेत कुठंही येणार नाही. निवेदनात नाही, स्वगतात नाही, नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात तर नाहीच नाही.

## ५. त्या वाक्याच्या जागी ती काय बोलते

सगळी कथा या पायरीवर आहे, म्हणून इथं वेळ काढा.

बोलता न येणारी गोष्ट गप्प बसत नाही, जागा बदलते. मिठावर जाते, पंख्यावर जाते, 'खिडकी कुणी लावली' वर जाते. बाळंतिणीच्या खोलीत भांडायला विषय कमी नसतात. काढा कडू, शेक जास्त, पाणी कमी, बाळगुटी द्यायची की नाही. तुमच्या बाईनं यातला एक विषय धरला पाहिजे आणि त्यावर गरजेपेक्षा जास्त चिडलं पाहिजे.

आधी फसलेला नमुना. असे परिच्छेद आठवड्याला एक वाचते:

> मध्यरात्र झाली होती. बाळ रडत होतं. तिच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं. आपण वाईट आई तर नाही ना, या प्रश्नानं तिचं काळीज पिळवटून निघत होतं.

यात रात्र कुठली, घर कुठलं, बाई कुठली, काही कळत नाही. काहूर मात्र कळतं. आता तीच बाई वडगावच्या घरात बसवून बघू:

> माग थांबले. आधी आपले, मग गल्लीतले सगळेच.
>
> पाळण्यात पोर जागं झालं.
>
> "करंट गेला वाटतं," आई आतून म्हणाली. "उठलं काय गे?"
>
> "न्हाई."
>
> ती बाजेवर बसून लंगोटांच्या घड्या घालत होती. घातलेली घडी मोडली, परत घातली. पोर रडायला लागलं.
>
> "रडूलालंय न्हवं?"
>
> "शेजारचं हाय."
>
> शेजारी तान्हं नव्हतं. आई हात पुसत दारात आली. तिच्याकडं बघितलं, पाळण्याकडं बघितलं, पोर उचलून खांद्यावर घेतलं.
>
> "शेगडी इझल्या बघ," आई म्हणाली. "निखारं आणतो."

'शेजारचं हाय' या दोन शब्दांत खिशातल्या कागदावरचं वाक्य आहे: हे माझं आहे असं वाटंना गेलंय. ती ते बोलली नाही, पण वाचणाऱ्याला कळलं. आईलाही कळलं, आणि आईही ते बोलत नाही, शेगडीवर बोलते. आईला कळलंय हे लेकीला कळलं का, ते मी उघडं ठेवलंय. पुढची चार पानं त्यावर चालतील.

तुमच्या कथेसाठी असे किमान तीन प्रसंग लिहा. प्रत्येकात तिचं एक खोटं असावं, अगदी लहान, कुणाचं काही न बिघडवणारं. 'जेवले.' 'झोपले होते.' 'डोळ्यात धुरी गेली.'

सावध: पावसाला रडायला लावू नका. विझणारा दिवा, तुटलेली बांगडी, पिंजऱ्यातला पोपट हेही नको. वरच्या प्रसंगात शेगडी विझली आहे, पण ती खरोखरच विझलेली शेगडी आहे, निखारे आणायला आई जाते. वस्तूला आधी तिचं काम करू द्या.

तपासा: तिन्ही प्रसंगांतून 'मन', 'काळीज', 'घुसमट', 'एकटेपणा', 'मातृत्व' हे शब्द खोडा. प्रसंग तरीही उभा राहतो का?

## ६. बोली आणि कानडी

निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, संवाद बोलीत. 'करूलाली', 'जाऊलालो' ही रूपं बेळगावची, चंदगडची बोली वेगळी, निपाणीत कोल्हापूरची छाप. तिन्हीचं भजं करू नका. आपल्या आज्जीचं बोलणं आठवून लिहा आणि तिथंच थांबा. सासूला घरात 'आत्या' म्हणत असतील तर तसंच लिहा, मालिकेतलं 'आईसाहेब' नको.

कानडी ही या खोलीत रोज येणारी भाषा आहे. ती परकी म्हणून आणू नका, शेजारीण म्हणून आणा. आणि तिथं कथेला आयतं सापडणारं बरंच आहे. गरोदरपणी नोंद झाली की कर्नाटकात बाईला 'तायी कार्ड' मिळतं. कानडीत तायी म्हणजे आई. मराठी कानाला ते 'ताई कार्ड'. दवाखान्यात सिस्टर विचारते, "तायी कार्ड एल्ली?", म्हणजे कुठाय, आणि पिशवीत हात घालणाऱ्या मुलीला कालपर्यंत धाकटा भाऊ ताई म्हणत होता. आई म्हणून तिला पहिल्यांदा ओळखलं ते एका कागदानं, तेही तिला वाचता न येणाऱ्या लिपीत. किंवा दूध: कानडीत हालु. सिस्टर घाईत विचारते, "हालु बंतेनु?", म्हणजे दूध आलं का. शेवटचा उकार गिळला की मराठी बाईला ऐकू येतं 'हाल'. कोणते हाल विचारतेय ही? असा शब्द एका कथेत एकदाच वापरा, आणि समजावून सांगू नका. बेळगावच्या वाचकाला कळतं, पुण्याच्या वाचकाला संदर्भानं कळेल असं लिहा.

आजाराला घरात काय म्हणतात तेही टिपा. 'वारं लागलं', 'दृष्ट झाली', 'बाहेरचं हाय'. कानडी शेजारीण 'बाणंती सन्नी' म्हणेल. चोवीस वर्षांच्या मुलीनं मोबाईलवर 'डिप्रेशन' हा शब्द ऐकलेला असतो, तो तिच्या तोंडी यायला हरकत नाही. बघायचं एवढंच की तो शब्द ती कुणापुढं उच्चारते आणि समोरचा काय म्हणतो. मनोरुग्णालय धारवाडला, म्हणून 'धारवाडला दाखवायला लागेल' हे वाक्य आपल्याकडं किती जड आहे, तुम्हाला माहीत आहेच. त्याच धारवाडहून पाहुणे बारशाला पेढे घेऊन येतात.

## ७. प्रसंगांची पाळी

थोडक्यात सांगते. कळा, रिक्षा, लेबर रूम यांनी सुरुवात करू नका. वाचकाची सगळी कणव तिथंच खर्च होते आणि पुढं बाई नुसती रडकी वाटते. पाहुणे गेल्याच्या दिवशी सुरू करा, तेराव्या किंवा चौदाव्या. रेघेवर तुमचं बोट तिथं ठेवा आणि पुढं चला. मागचं लागेल तेवढंच, एका वाक्यात. एका कथेत चार रात्री पुष्कळ झाल्या.

## ८. शेवट

पान्हा, विहीर, डॉक्टरीणबाई हे तीन शेवट बंद. चौथाही बंद: आईनं आपल्या वेळची अशीच गोष्ट सांगणं आणि दोघींनी गळ्यात पडून रडणं. हा शेवट वाचायला गोड लागतो, म्हणून जास्त धोक्याचा. आईनं तीस वर्षं जे सांगितलं नाही ते ती आजही सांगणार नाही, फार तर शेगडी सरकवेल.

शेवटी घरातली एक लहान व्यवस्था बदलू द्या. बाज खिडकीकडं सरकते. दुपारी दोन ते चार बाळ शेजारच्या कानडी बाईकडं जातं. नवरा शनिवारी न सांगता लंगोट धुतो आणि चुकीच्या दोरीवर टाकतो. किंवा व्यवस्था बदलत नाही, पण तिचं खोटं बदलतं: 'झोपले होते' ऐवजी ती 'न्हाई झोपले' म्हणते. नैराश्य असलेल्या बाईला कथेच्या शेवटी दवाखान्यात जाऊ द्यायचं असेल तर जरूर जाऊ द्या, उपचारानं ते बरं होतं. फक्त गोष्ट बसस्टॉपवर थांबवा, तपासणीच्या खोलीत नको.

## ९. दोघींना वाचायला द्या

पहिली, जिचं मूल दोन वर्षांच्या आतलं आहे. तिला विचारा: कुठल्या ओळीला तू थांबलीस? दुसरी, जिनं निदान दोन बाळंतपणं काढली आहेत, आई किंवा सासू म्हणून. तिला विचारा: यातलं काय चुकलंय? पहिली भावनेवर बोलेल, दुसरी शेपा आणि ओव्यावर. दुसरीचं आधी दुरुस्त करा. धुरीत काय घालतात ते चुकलं तर तिच्या वयाची एकही वाचक तुमच्या बाईच्या दुःखावर विश्वास ठेवणार नाही.

गोष्ट तुमची स्वतःचीच असेल तर दोन सूचना जास्तीच्या. माणसं ओळखू येणार, बेळगाव एवढंसं आहे. म्हणून गल्ली बदला, धंदा बदला, मुलाची मुलगी करा. आणि लिहिताना ते दिवस पुन्हा अंगावर यायला लागले, झोप उडाली, तर वही मिटा. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आहे, कानडी-मराठी दोन्हींत बोलता येतं. कथेला मुदतवाढ मिळते. मी दिलेली आहे.

## १०. शीर्षक

सगळ्यात शेवटी. 'पान्हा', 'वात्सल्य', 'आईपण', 'हिरकणी' नको. एका वर्षी 'पान्हा' नावाच्या दोन कथा एकाच टपालात आल्या होत्या, आणि पहिल्या वाक्यापर्यंत मला त्या वेगळ्या करता येईनात. खोलीतली एखादी वस्तू घ्या, जी निदान दोनदा कुणाच्या तरी हातात आलेली आहे: शेगडी, दुपटं, तायी कार्ड, ओल्या लंगोटांची दोरी. पाकिटावर नाव-पत्ता घाला, कथेच्या पानावर घालू नका, आणि गणपतीच्या आधी पाठवा.